पाचवा दिवस कुणाचा?

वॉल्ट डिस्नेला कॅलिफोर्नियातल्या आपल्या पहिल्या पार्कबद्दल एक सल कायम राहिली: जागा कमी घेतली. फ्लोरिडात ऑर्लँडोला डिस्ने आणि युनिव्हर्सल यांच्या पार्कांत आज जी चढाओढ आहे, तिची गोष्ट त्या सलीपासून सुरू होते. ॲनहाइमला संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या सुमारे १६० एकरांवर १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. (खोपोलीचं इमॅजिका साधारण १३० एकरांचं, म्हणजे निदान आकाराने आपण फार मागे नाही.) पार्क धो धो चाललं आणि बघता बघता कुंपणाबाहेर मोटेलं, पेट्रोल पंप, खाण्याची दुकानं आणि निऑनच्या पाट्या यांची दाटी झाली. दिवसभर किल्ल्यात रमलेली मंडळी रात्री दुसऱ्याच कुणाच्या तरी मोटेलात पैसे मोजायची. जत्रा आपण भरवायची आणि गल्ला शेजाऱ्याने जमवायचा, हे त्याला सोसवेना.

म्हणून फ्लोरिडात जाताना त्याने ठरवलं, शेजारच नको. १९६४-६५ मध्ये ऑर्लँडोच्या नैर्ऋत्येची दलदल, पाइनची झाडी आणि गुरांची कुरणं नावापुरत्या काढलेल्या कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली गेली. त्यातल्या एकीचं नाव 'आयफोर कॉर्पोरेशन'. शेजारून आय-फोर महामार्ग जातो, त्यावरून कुणीतरी गंमत केलेली. ऑक्टोबर १९६५ मध्ये 'ऑर्लँडो सेंटिनेल'ने हे गूढ गिऱ्हाईक म्हणजे डिस्ने असल्याचं छापलं, तोवर बहुतेक सगळी जमीन हाताशी आली होती. एकूण सुमारे २७ हजार एकर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई धरा, तिची दीडपट करा, तरी ही जमीन थोडी जास्तच भरेल. आपल्याला सुचेल ते सगळं इथे मावेल, अशा अर्थाचं वॉल्ट मृत्यूच्या काही आठवडे आधी कॅमेऱ्यासमोर बोलला होता. डिसेंबर १९६६ मध्ये तो गेला.

तिथलं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला. तिथे भूजल इतकं वर की तळघर खोदायची सोय नाही. मग समोर एक तलाव खोदला, त्याची माती टाकून जागा उंच केली, नोकरवर्गाच्या येण्याजाण्याचे बोगदे जमिनीवरच बांधले आणि त्यांच्या डोक्यावर मॅजिक किंगडमचे रस्ते आले. गाडी लावायची तलावाच्या अलीकडे आणि मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जायचं. एवढी जमीन असलेल्या माणसालाच असा तलाव मध्ये ठेवणं परवडतं.

हा इतिहास मी वाचून शिकलेले नाही. दादा अटलांटात राहतो आणि त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, या विषयातला चालता-बोलता कोश आहे. फ्लोरिडात पाण्याचा निचरा बदलेल असं कुठलंही बांधकाम काढायचं तर जलव्यवस्थापन खात्याकडे नकाशे द्यावे लागतात आणि ते जनतेला बघता येतात. कंपनीने घोषणा करण्याआधी तिचे बेत याच नकाशांतून फुटतात. जगभरची हौशी मंडळी ते उकरून काढतात, कुणी हेलिकॉप्टरमधून फोटो घेतं, कुणी मातीच्या ढिगांवरून अंदाज बांधतं. आमचा पठ्ठ्या त्यांच्यातलाच. बाकी मुलं क्रिकेटचा स्कोअर सांगतात, हा "आत्या, त्यांनी नवा पाइलिंगचा परवाना घेतला" असं सांगतो.

डिस्ने आणि युनिव्हर्सलसारख्या दोन बलाढ्य कंपन्या समोरासमोर उभ्या राहिल्या की आपण समजतो, भांडण उंच राइडचं किंवा महागड्या ॲनिमेशनचं असणार. ऑर्लँडोत खरी ओढाताण आहे ती पाहुण्याच्या सुट्टीतल्या दिवसांची. अमेरिकेतलं मध्यमवर्गीय कुटुंब तिथे आठवडाभरासाठी येतं. त्यातले दिवस कुणाकडे किती, एवढाच प्रश्न. जमीन, हॉटेलं, बस, तिकिटांचे दर हे सगळं त्या एका प्रश्नाभोवती फिरतं.

युनिव्हर्सलने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच ऑर्लँडोत स्टुडिओ-पार्क, म्हणजे सिनेमाच्या स्टुडिओच्या धर्तीचं पार्क, काढायचं मनात आणलं होतं, पण पैसा जमवण्यात वर्षं गेली. तेवढ्यात १९८४ मध्ये पॅरामाउंट ही सिनेमा कंपनी सोडून मायकेल आयस्नर डिस्नेचा प्रमुख झाला आणि डिस्नेनेही स्टुडिओ-पार्कची घोषणा केली. आपली कल्पना आयस्नरला पॅरामाउंटमध्ये असतानाच ऐकवली होती, असं युनिव्हर्सलवाले म्हणत राहिले. आयस्नरने ते मानलं नाही. काही असो, डिस्नेचं १ मे १९८९ ला उघडलं आणि युनिव्हर्सलचं ७ जून १९९० ला. युनिव्हर्सलचा पहिला दिवस तर विनोदी म्हणावा इतका वाईट गेला. किंग काँगची राइड बंद, भूकंपाची बंद, शार्कची बंद. चिडलेल्या लोकांना पुन्हा येण्याची फुकट तिकिटं वाटावी लागली. त्यानंतर वीसेक वर्षं युनिव्हर्सलची पायरी ठरलेली होती: डिस्नेच्या आठवड्यातून उरलासुरला एखादा दिवस.

तो एक दिवसही जाऊ नये म्हणून डिस्नेने काय केलं ते मला फार शिकण्यासारखं वाटतं. २००५ पासून विमानतळावरून आपल्या हॉटेलात नेणारी फुकट बस सुरू केली. बॅगाही परस्पर खोलीवर जायच्या. पाहुण्यांवरचं प्रेम वगैरे ठीक आहे, पण अमेरिकेत भाड्याची गाडी न घेतलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. तो युनिव्हर्सलला जाणार कसा? त्याच वर्षी तिकिटांची घडीही बदलली. पहिले तीन-चार दिवस महाग आणि मग पुढचा प्रत्येक दिवस अगदी किरकोळ जादा पैशांत. पाचवा दिवस डिस्नेतच काढला तर जवळजवळ फुकट, युनिव्हर्सलला गेलात तर तिथलं पूर्ण तिकीट. घरचा हिशेब ठेवणारी बाई काय निवडेल हे सांगायला नको.

हे गणित २०१० मध्ये बिघडलं. हॅरी पॉटरचे हक्क आधी डिस्नेकडे जाण्याची बोलणी झाली होती, ती फिसकटली. लेखिका जे. के. रोलिंग तपशिलांबाबत कडक. दुकानं पुस्तकात आहेत तशी अरुंदच हवीत, पेय पुस्तकातलंच मिळायला हवं. युनिव्हर्सलने हे सगळं ऐकलं. जून २०१० मध्ये 'आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर' या त्यांच्या दुसऱ्या पार्कात पॉटरच्या गोष्टीतलं हॉग्समीड गाव उघडलं आणि पहाटेपासून रांगा लागल्या. त्या पार्काला २००९ मध्ये सुमारे ४६ लाख लोक आल्याचा अंदाज आहे. २०११ मध्ये तोच अंदाज ७६ लाखांवर गेला. पार्काच्या धंद्यात अशी उडी सहसा दिसत नाही. आणि ही माणसं डिस्नेच्या आठवड्यातला उरलेला दिवस घेऊन आली नव्हती. ती पॉटरसाठीच निघाली होती, जमलं तर डिस्ने बघणार होती.

चार वर्षांनी युनिव्हर्सलने जुनी शार्कची राइड पाडून तिथे डायगन ॲली ही पॉटरच्याच गोष्टीतली गल्ली बांधली, पण ती दुसऱ्या पार्कात, म्हणजे त्यांच्या मूळ स्टुडिओत. दोन्हींच्या मध्ये हॉगवर्ट्स एक्स्प्रेस धावते. आगगाडीत बसायचं तर दोन्ही पार्कांचं तिकीट हवं. धंद्याची इतकी सुबक युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही: फलाटावर वाफ सोडत गाडी उभी, पोर हात ओढतंय आणि खिडकीवरची मुलगी गोड हसून तिकिटातला फरक सांगतेय. दादाने निमूट कार्ड काढलं.

डिस्नेच्या बाजूने २०१७ ला 'अवतार'चं पँडोरा आलं, २०१९ ला 'स्टार वॉर्स'चा गॅलेक्सीज एज. मध्येच एक अवकाशयानासारखं हॉटेलही काढलं, मार्च २०२२ मध्ये उघडलं आणि दर इतके चढे की दीड वर्षात गुंडाळावं लागलं. त्याबद्दल भाच्यासमोर बोलायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

आता जमिनीकडे येऊ, कारण युनिव्हर्सलचं दुखणं तिथेच होतं. त्यांची जुनी दोन पार्कं शहराला खेटून. नवं काही बांधायचं म्हणजे जुनं पाडायचं. १९९८ मध्ये त्यांनी जवळच लॉकहीड मार्टिनकडून मोठी जमीन घेतली होती. पन्नासच्या दशकात ऑर्लँडोत क्षेपणास्त्रांचा कारखाना आला, त्या कंपनीच्या आवाराचा हा भाग. पण २००३ मध्ये, कंपनीची मालकी फिरत असताना, ती विकून टाकली. मग पॉटर आला, कॉमकास्ट या केबल कंपनीसारखा दमदार मालक आला आणि २०१५ मध्ये त्याच जमिनीतला काही भाग पुन्हा विकत घेतला. आपलीच विकलेली जमीन परत घ्यायची वेळ आली की काय भाव पडतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गावात विचारा. त्या जमिनीवर २२ मे २०२५ ला 'एपिक युनिव्हर्स' उघडलं. सुमारे ७ अब्ज डॉलर लागल्याच्या बातम्या आहेत. निन्टेन्डो, पॉटरचं जादू मंत्रालय, ड्रॅगनचं बेट, जुन्या भुताखेतांचं गाव आणि या सगळ्यांना जोडणारं मधलं 'सिलेस्टियल पार्क'. अकरा हॉटेलं धरून युनिव्हर्सलकडे आता सुमारे ११ हजार खोल्या आहेत आणि एका हॉटेलातून तर थेट पार्कात उतरता येतं. आता कुटुंब सोमवारी येऊन शुक्रवारी निघेपर्यंत डिस्नेकडे फिरकण्याची गरज नाही. एक दिवसाच्या पाहुण्याचा त्यांनी आठवडा केला.

आम्ही गेलो तेव्हा भाच्याला भुतांच्या गावात जायची घाई होती. तिथल्या पवनचक्कीची पाती मधूनमधून खरोखरच पेट घेतात आणि खालच्या खानावळीत लोक निवांत जेवत असतात. मला मात्र मधलं पार्क बघायचं होतं. थीम पार्कात 'पार्क' परत आणायचं, अशी युनिव्हर्सलवाल्यांनी या भागाची जाहिरात केली होती. हिरवळ, फुलझाडं, कारंजी, नुसतं बसता येईल असे कट्टे. उघडल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सावली कमी असल्याची ओरड झाली आणि ती खरीच आहे, कारण झाडं अजून पोरसवदा आहेत. पैशाने सगळं लवकर उभं राहतं, झाड तेवढं राहत नाही. पण कल्पना मला पटली. ज्यांना आयुष्यभर जागेची चणचण होती त्यांनी हाताशी जमीन येताच पहिलं काय केलं, तर मधोमध मोकळी जागा ठेवली.

आणि ज्याने मोकळी जागा राहावी म्हणूनच मुंबईच्या दीडपट जमीन घेतली, त्याच्या वारसांनी नदी बुजवायला काढली.

मॅजिक किंगडममध्ये 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' नावाचा कृत्रिम प्रवाह होता. त्यावरून वाफेवरची तिमजली बोट फिरायची (पाण्याखाली रूळ होता, हे अर्थात भाच्याकडून कळलं). मध्ये टॉम सॉयरचं बेट, १९७३ पासूनचं. तिथे ओंडक्यांच्या तराफ्यातून जायचं. गुहा, पिंपांवरचा डुगडुगता पूल, लाकडी किल्ला आणि झाडं. राइड एकही नाही. करोनाच्या आधी आई तिकडे आली होती तेव्हा तिला त्या सगळ्या झगमगाटात आवडलेली एकमेव जागा ही. पोरं किल्ल्यावर हुंदडत होती आणि आई सावलीत खुर्ची टाकून बसली होती, पर्समधून काढलेला चिवडा खात. "इथे कुणी काही विकायला येत नाही," ती म्हणाली. दादा हसला. पण धंद्याच्या भाषेत तिने त्या बेटाचं निदानच केलं होतं. जी जागा काही विकत नाही, तासाला अमुक हजार माणसं 'खपवत' नाही, ती व्यवस्थापनाच्या तक्त्यात रिकामीच दिसणार.

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे एपिक उघडून जेमतेम दीड महिना झाला होता, तेव्हा नदी, बेट आणि बोट बंद झाली. तिथे 'कार्स' या सिनेमातल्या गाड्यांचा डोंगराळ मुलूख येणार आणि त्याच्या मागे खलनायकांचं एक अख्खं राज्य. डिस्नेच्याच शेजारच्या पार्कात जिम हेन्सनच्या बाहुल्यांचं त्रिमिती नाट्यगृहही त्याच उन्हाळ्यात पडद्याआड गेलं. हेन्सनने मृत्यूपूर्वी केलेल्या शेवटच्या कामांपैकी ते एक. तिथे 'मॉन्स्टर्स' सिनेमांचा भाग येणार. ॲनिमल किंगडम या डिस्नेच्या आणखी एका पार्कातला डायनोसॉरचा भाग जाऊन लॅटिन अमेरिका येणार. हे सगळं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या बेताचा भाग: दहा वर्षांत जगभरची पार्कं आणि जहाजं मिळून सुमारे ६० अब्ज डॉलर. फ्लोरिडाच्या गव्हर्नरशी चाललेलं भांडण २०२४ मध्ये मिटलं, तेव्हाच्या करारात तर डिस्नेला पाचवं मोठं पार्क बांधायचीही मुभा आहे.

पुण्यात राहणाऱ्या बाईला नदीत भराव टाकलेला बघायची सवय असते. तरी मी भाच्याला विचारलं, अरे एवढी जमीन पडलीय, नदीच का? त्याने मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा निसर्गासाठी राखीव आहे, उरलेल्यात दलदल बरीच. पाचवं पार्क काढलं तर तिथेही रस्ते, वीज, स्वयंपाकघरं, हजारो माणसं नेमावी लागणार आणि एवढं करून आठवड्याचे दिवस काही वाढणार नाहीत. आधीच्या चार पार्कांतली गर्दी पाचांत वाटली जाईल. त्यापेक्षा वर्षाला पावणेदोन कोटी माणसं जिथे आधीच येतात त्याच पार्कात नवी राइड टाकली तर त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावंसं वाटेल. "पाय आहेत तिथे पैसे टाकतात, आत्या."

त्याचं गणित बरोबर आहे. मला पटत नाही ती गोष्ट वेगळी. स्पर्धेने पाहुण्याचा फायदा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पॉटर आला नसता तर डिस्ने पंधरा वर्षं तशीच लोळत पडली असती. पण दिवसांसाठीची स्पर्धा शेवटी दिवसाच्या आतही शिरते. पूर्वी डिस्नेचा फास्टपास फुकट होता, १९९९ पासून. २०२१ मध्ये तो गेला आणि रांग टाळण्याचे वेगळे पैसे सुरू झाले. युनिव्हर्सल तर त्यासाठी आधीपासूनच पैसे घेत होतं. आता अख्खं घर फोनवर वेळा पकडत बसतं. दहा-वीसला ही राइड, अकरा-पाचला ती, जेवणाची ऑर्डर ॲपवर. एक तास रिकामा दिसला की वहिनीला अपराधी वाटतं. एवढे पैसे मोजल्यावर बसून कसं राहायचं? बेट बंद झालं ते नकाशावर, पण लोकांनी ते आपल्या वेळापत्रकातून कधीच काढून टाकलं होतं. डिस्नेने त्यावर नुसती सही केली, असंही म्हणता येईल.

आणि धंदा दोघांचाही वाढतोच आहे. एपिकनंतरच्या पहिल्या पूर्ण तिमाहीत कॉमकास्टचं पार्कांचं उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी वाढलं.

ऑर्लँडोबाहेरही हेच चालू आहे. इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ जुन्या वीटभट्ट्यांच्या ४७६ एकरांवर युनिव्हर्सलचं पार्क २०३१ मध्ये उघडायचं घाटतंय. त्याची घोषणा एप्रिल २०२५ ला झाली. मे महिन्यात डिस्नेने अबू धाबीच्या यास बेटावरच्या पार्काची घोषणा केली. तिथे जमीन आणि पैसा स्थानिक मिराल कंपनीचा. डिस्नेचं नाव, आराखडा आणि देखरेख. म्हणजे ज्या माणसाने शेजारी नको म्हणून २७ हजार एकर घेतले, त्याची कंपनी आता फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स आणि सीवर्ल्डच्या शेजारी, दुसऱ्याच्या जमिनीवर, स्वतः भांडवल न घालता दुकान मांडणार. जगातली एक तृतीयांश लोकसंख्या अबू धाबीपासून चार तासांच्या विमानप्रवासावर आहे, असा त्यांचा हिशेब आहे. त्या तृतीयांशात मुंबई आहे, पुणे आहे आणि सहलीच्या कंपनीबरोबर दुबई करून आलेलं आपलं अर्धं गणगोत आहे.

आपल्याकडे अशी लढत झालीच नाही. १९८९ चं एस्सेलवर्ल्ड वर्षानुवर्षं गोराईच्या खाडीपलीकडे एकटंच राहिलं आणि २०२२ मध्ये बंद झालं. २०१३ ला इमॅजिका आलं, कर्जात रुतलं, २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं. त्यांना आव्हान दुसऱ्या पार्काचं नव्हतंच. मराठी घरात चार दिवस सलग सुट्टी काढून पार्कात घालवायची ही कल्पनाच बसत नाही. एक दिवस, तोही डबा बरोबर घेऊन. बाकीचे दिवस गावचे, देवाचे आणि लग्नांचे.

दादाच्या घरी पुढच्या खेपेची आखणी सध्या फॅमिली ग्रुपवर चालू आहे. दादा म्हणतो, युनिव्हर्सल तीन दिवस, डिस्ने एक. भाच्याचं मत, लॅटिन अमेरिका उघडेपर्यंत, म्हणजे २०२७ पर्यंत, डिस्नेला शून्य. आईने आपण घरीच बसू असं कळवलंय. पाचव्या दिवसावर मात्र वहिनीने परस्पर हक्क सांगितला आहे: ऑर्लँडोच्या उत्तरेला वेकिवा नावाचा नैसर्गिक झरा आहे, बारा महिने साधारण २२ अंशांचं नितळ पाणी, गाडीमागे सहा डॉलर प्रवेश. फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळीच गाड्यांची मर्यादा संपून फाटक लागतं. तेव्हा सात वाजता अंघोळ न करता निघायचं आहे, अंघोळ तिथेच, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलंय.